पावाच्या डब्याखालचा दगड

ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी सकाळी लिदियाने लिंबू कापलं आणि अर्धी फोड ओट्यावर पालथी ठेवली. रांगतं पोर चुलीजवळ पोचावं आणि कुणीतरी झडप घालावी, तशी तिच्या आईने, देओलिंदाने, ती फोड उचलली.

"घरात बशा संपल्या का?"

"अगं, दोन मिनिटं ठेवली."

"दोन मिनिटं पुरतात." देओलिंदाने फडक्याने दगड पुसला, वाकून उजेडात तिरका पाहिला, पुन्हा पुसला. "तुझ्या लिस्बनमध्ये चालत असेल. इथे नाही."

ओटा पांढऱ्या संगमरवराचा होता, मधूनमधून गुलाबी शिरा असलेला. बोर्बा गावात याचं कुणाला अप्रूप नव्हतं. गावाच्या चारी बाजूंना खाणी. उंबरठे संगमरवरी, मोऱ्या संगमरवरी, कोंबड्यांच्या पाण्याचं भांडंसुद्धा संगमरवरी. ही फरशी कोपऱ्यात टवका उडालेली म्हणून विकली गेली नव्हती, तेव्हा खाणीत काम करणाऱ्या सेवेरिनोने, लिदियाच्या वडिलांनी, लग्नाच्या वर्षी ती घरी आणली. तेव्हापासून देओलिंदाने तिच्यावर पीठ मळलं, आणि मळून झालं की साबणाच्या कोमट पाण्याने ती धुतली, दोनदा साध्या पाण्याने पुसली, जुन्या चादरीच्या तुकड्याने कोरडी केली. मधोमध फरशीला एक चमक आली होती. यंत्राने येते तशी नव्हे. शिंपल्याच्या आतल्या बाजूला असते तशी.

लिदियाने येताना एक बाटली आणली होती. हिरवी, वर पानाचं आणि लिंबाचं चित्र. "ही बघ, यात विषारी काही नाही. सगळं नैसर्गिक. तुझे हात फुटतात ना त्या साबणाने."

आईने झाकण उघडून वास घेतला. "व्हिनेगर. सॅलडवर घाल." आणि बाटली ओट्याखाली ठेवून दिली. "आणि तो पावाचा डबा खिडकीपाशीच राहू दे. तू आलीस की सगळं इकडचं तिकडे करतेस."

दुपारी दोघी कबरस्तानात गेल्या. दुसऱ्या दिवशी सर्व संतांचा सण, म्हणून निम्मं गाव तिथे बादल्या आणि ब्रश घेऊन आलं होतं. देओलिंदा गुडघ्याखाली पोतं घेऊन नवऱ्याच्या कबरीवरचा दगड धूत होती. शेजारच्या कबरीपाशी झुल्मीरा, त्यांची घरशेजारीण, बादलीत ब्लीच ओतत होती. वास सुरूच्या झाडांपर्यंत जात होता.

"झुल्मीरा, नवऱ्याला ब्लीचची आंघोळ घालतेस होय?"

"जिवंत होता तोवर आंघोळीला कधी तयार झाला नाही. आता कुठे पळतोय?"

"दगड खडूसारखा होईल तुझा."

"मग मी माझं नाव त्याच्यावर बोटाने लिहीन, कोरायची मजुरी वाचेल." झुल्मीरा लिदियाकडे वळली. "काय गं, आई सांगते तुला तिकडे क्षणाची उसंत नसते. रोज पाहुणे, रोज जेवणावळी."

लिदियाने पाहुण्यांबद्दल कधीच काही सांगितलं नव्हतं. दर रविवारी फोनवर ती एवढंच म्हणायची, मजेत आहे. तिने आईकडे पाहिलं. आई नवऱ्याच्या नावातल्या एका अक्षराच्या पोटातली माती काडीने काढत होती. तिने मान वर केली नाही.

"हो, चालूच असतं काहीतरी," लिदिया म्हणाली.

ती चौथ्या मजल्यावर एकटी राहायची. छापायला जाणाऱ्या पुस्तकांची मुद्रितं तपासायची, तीही घरीच बसून. शुक्रवारी संध्याकाळी दुकानदाराला 'पिशवी नको' म्हटलं, की सोमवारपर्यंत पुन्हा बोलायची वेळ येत नसे. नवरा वेगळा झाला तेव्हा तिने आईला कळवलं होतं, आमचं दोघांचं ठरवून झालं, काळजी करू नकोस. आईने काळजी केली असेल तरी दाखवली नव्हती.

संध्याकाळी आईने लिंबाच्या सालीचा चहा केला. ग्लास तिच्या हातात देताना म्हणाली, "बशीवर," आणि स्वतःच हसली. मग फडकं पिळता पिळता विचारलं, "मंगळवारपर्यंत राहशील?"

"नाही जमणार. काम आहे."

काम होतं. ते कुठल्याही टेबलावर बसून करता आलं असतं.

"मग जा," आई म्हणाली. "मला काय होतंय."

दुसऱ्या दिवशी सणाच्या घंटा वाजल्या तरी आई उठली नव्हती. झोपेतच गेली, डॉक्टर म्हणाले. देओलिंदाने धुऊन, कोरडा करून ठेवलेला नवऱ्याच्या कबरीवरचा दगड तिच्यासाठीच सरकवावा लागला. माणसांनी तो जपून भिंतीला टेकवला, तरी त्याच्यावर मातीची बोटं उमटली.

पुरून आल्यावर लोक घरी आले. कुणी कोथिंबिरीचं सूप आणलं, कुणी ऑलिव्ह, कुणी स्वतःच्या पिंपातली वाईन. आईबद्दल चांगलं बोलले, हळूहळू पावसापाण्याबद्दल बोलले आणि गेले. उरली लिदिया आणि ओट्यावरची लाल वर्तुळं.

आई बघेल, असं तिच्या मनात आलं. मग बाकीचंही आलं.

ओटा आईने ठेवला होता तसा करायचा, एवढं एकच काम तिला सुचत होतं. मोरीच्या कडेला आईचा साबण होता. निळ्या-पांढऱ्या रेषांची वडी, वाळून तडकलेली, एका बाजूला अंगठ्याचा खळगा पडलेली. लिदियाने ती उचलली आणि नळाखाली धरायला हात नेला, पण हात पुढे जाईना. ओली केली की खळगा झिजणार. तिने वडी होती तशी परत ठेवली आणि ओट्याखालून हिरवी बाटली काढली.

डागांवर तिने भरपूर ओतलं. थोडा वेळ मुरू द्या, असं पुढच्या बाजूला लिहिलं होतं, म्हणून खिडकीसमोरच्या खुर्चीत बसून राहिली. घरात लिंबाचा वास पसरला. किती वेळ गेला तिला समजलं नाही. अंधारून आल्यावर ती उठली, पुसलं. लाल रंग बराच गेला होता. तिला जरा बरं वाटलं.

सकाळी ऊन तिरकं आलं तेव्हा तिने पाहिलं. फरशीच्या मधोमध, आईचे हात फिरायचे तिथेच, एक मोठा निस्तेज ठिपका होता. आरशावर श्वास सोडावा तसा; पण श्वास उडून जातो. कडेला ओघळ गेला होता तिथपर्यंत त्याच्या रेघा गेल्या होत्या. तिने ओल्या फडक्याने पुसलं, कोरड्याने पुसलं, शेवटी स्वेटरच्या बाहीने घासलं. बोटाला खरखर लागत होती. तिने चष्मा लावून बाटलीची मागची बाजू वाचली. अगदी खाली, बारीक अक्षरात: संगमरवर व चुन्याच्या दगडावर वापरू नये. दिवसभर दुसऱ्यांच्या पुस्तकांतले चुकलेले स्वल्पविराम शोधणाऱ्या बाईने ती ओळ वाचली नव्हती.

झुल्मीरा सुपाचं पातेलं घेऊन आली. तिने पातेलं ओट्यावर ठेवायला नेलं, थांबली, स्टुलावर ठेवलं.

"हे कुणी केलं?"

"मी."

झुल्मीराने तळहात फिरवून पाहिला. "डाग असता तर निघाला असता गं. खडूच्या भुकटीचा लेप रात्रभर ठेवला की आत शिरलेली वाईनसुद्धा वर येते. पण हा डाग नाही. वरचा पापुद्राच खाल्लाय."

"मला तो होता तसा हवाय, मावशी."

"जावयाला पाठवते. त्याच्याकडे पॉलिशचं यंत्र आहे. जेवायच्या वेळेपर्यंत नवा करून देईल."

"नवा?"

"दुकानातल्यासारखा. नुसता मधला भाग करून जमत नाही, अख्खी फरशी घासायला लागते. बरंच होईल म्हणा, डब्याखालचाही जाईल त्यात."

"डब्याखाली काय आहे?"

झुल्मीराने पावाचा डबा दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवला.

दगडावर एक वर्तुळ होतं. ग्लासाच्या बुडाएवढं, निस्तेज, एका बाजूने पसरलेलं. बोट लावल्यावर तीच खरखर.

"तू पहिल्यांदा लिस्बनला गेलीस ना, शिकायला," झुल्मीरा म्हणाली. "सेवेरिनो नव्हता तेव्हा. तुला बसमध्ये बसवून आली, लिंबाचा चहा केला, ग्लास इथे ठेवला. बशी नाही, काही नाही. आणि बसली त्या खुर्चीत. सकाळी मी अंडी द्यायला आले तर अंगावर तेच कपडे. ग्लास तसाच, थोडा सांडलेला."

"आईने?"

"तुझ्या आईनेच. मी म्हटलं, खाणीतल्या कुणालाही सांग, घासून देईल. म्हणाली, राहू दे. आणि डबा ठेवला वर."

"मला तर तेव्हाही म्हणाली होती, जा, मला काय होतंय."

"मग काय म्हणणार होती?" झुल्मीराने नाक पुसलं. "थांब म्हणाली असती तर तू थांबली असतीस. तुझी आई वेडी नव्हती." ती दाराशी गेली आणि वळली. "दुपारी पाठवू का जावयाला?"

लिदियाने मधल्या ठिपक्याकडे पाहिलं, मग खिडकीकडच्या वर्तुळाकडे. "नको, मावशी."

"मग हा असाच राहणार?"

"यंत्राशिवाय नाही येत का चमक?"

"येते की. रोज पीठ मळ, रोज पूस. माझ्याएवढी म्हातारी झालीस की येईल थोडी." पायरी उतरताना झुल्मीरा म्हणाली, "सूप गरम आहे तोवर खा. आणि पातेलं दगडावर ठेवलंस तरी चालेल, त्यात लिंबू नाही."

दार लागलं. घरात फ्रीजची घरघर उरली.

लिदियाने दुसऱ्या पातेल्यात पाणी कोमट केलं. कपाटातून जुन्या चादरीचा तुकडा काढला. मग साबणाची वडी उचलली आणि या वेळी ओली केली. तिचा अंगठा त्या खळग्यात बसला, थोडा मोठाच पडला. तिने फरशी एका टोकापासून धुतली; मधला ठिपका, ओघळाच्या रेघा, वर्तुळ. दोनदा साध्या पाण्याने पुसलं. कोरडं केलं. वाकून उजेडात तिरकं पाहिलं. सगळं होतं तसंच होतं, फक्त स्वच्छ.

पावाचा डबा तिने पुन्हा वर्तुळावर ठेवला नाही. ती खुर्चीत बसली. तिथून वर्तुळ नेमकं समोर येत होतं, आणि त्याच्या मागे खिडकी, आणि खिडकीतून बसथांब्याकडे जाणारा रस्ता. ती बोलली तेव्हा आवाज घोगरा आला, सोमवारी सकाळी यायचा तसा.

"मी मजेत नव्हते, आई," ती म्हणाली. "मला मंगळवारपर्यंत राहायचं होतं. त्यानंतरही राहायचं होतं."