शहाऐंशी फोटो आणि एक दरवाजा

नोकरीचं पत्र नेमकं पितृपंधरवड्यात आलं. आईने ते देवापुढे ठेवलं आणि मला बजावलं, "पद्मजा, घटस्थापनेपर्यंत त्या ऑफिसची पायरी चढायची नाही." मी निमूटपणे फोन करून तसं कळवलं. पलीकडून एक शांत आवाज आला, "हरकत नाही. अपघातांना आम्ही थांबायला सांगतो." या नसीमबानू शेख, माझ्या नव्या साहेब.

ऑफिस स्वारगेटजवळ, एका झेरॉक्सच्या दुकानाच्या डोक्यावर. काम सोपं होतं. कुणाची गाडी ठोकली गेली की विमा कंपनी आम्हाला कळवायची. आम्ही जाऊन नुकसान बघायचं, फोटो काढायचे आणि अहवाल लिहायचा. जाहिरातीत "फोटो काढता येणे आवश्यक" असं लिहिलेलं होतं. ते वाचून मी इतकी हुरळले की बाकीची जाहिरात वाचलीच नाही. मला फोटोंचं वेड. पर्वतीच्या पायऱ्यांवर मी पहाटेचे इतके फोटो काढलेत की तिथली कुत्री मला बघून आपोआप एका बाजूने उभी राहतात. तीन महिने उमेदवारी, मग नोकरी पक्की. मला ती पक्की हवीच होती, कारण कॅमेरा हातात देऊन गावभर भटकायला सांगणारी दुसरी नोकरी पुण्यात नाही.

तिसऱ्या माळेला मॅडमनी पहिलं काम दिलं. लोणी काळभोरचे सर्जेराव, त्यांच्या टेम्पोला चार दिवसांपूर्वी एका डंपरने ठोकलं होतं. मॅडम स्वतः सोलापूरला निघाल्या होत्या. जाताना म्हणाल्या, "नुकसानाचे फोटो घ्या. ते झाले की मालकाला सांगा, दुरुस्ती करून घ्या म्हणून. आधी सांगू नका."

मी सकाळच्या बसने गेले. ऑक्टोबरच्या उन्हाला पुणेकर दुपारी शिव्या घालतात त्या रास्तच आहेत, पण सकाळी नऊपर्यंत ते ऊन इतकं गोड असतं की त्यात भंगारसुद्धा देखणं दिसतं. सर्जेरावांच्या घरापुढे दसऱ्यासाठी लावलेला झेंडू रानभर फुलला होता. त्याच्या कडेला तो पिवळा टेम्पो. टेम्पोच्या फाळक्यावर सर्जेराव बसलेले, पांढऱ्या मिशा, लाल टोपी. ओट्यावर त्यांची आई सोजरबाई, चेहऱ्यावर एवढ्या सुरकुत्या की मला कुठून सुरुवात करू असं झालं.

मी सुरुवात केली. झेंडू समोर आणि टेम्पो मागे धूसर. सर्जेराव बाजूने. सर्जेराव समोरून. "जरा हसा ना काका." ते हसले. सोजरबाई तांदूळ निवडताना, सोजरबाई माझ्यावर वैतागताना. टेम्पोची मोडकी बाजू सावलीत होती, आणि सावलीत फोटो मरतो, म्हणून मी पलीकडच्या बाजूने टेम्पोची उन्हातली चाकं घेतली. दोन तास कसे गेले कळलं नाही. शहाऐंशी फोटो झाले. चहा पिऊन मी ऐटीत सांगितलं, "फोटो झाले काका. आता खुशाल दुरुस्ती करा."

"लई उपकार झालं ताई," सर्जेराव म्हणाले. "दसऱ्याच्या आत गाडी हुबी व्हायला पायजे."

आठव्या माळेला मॅडम सोलापूरहून परतल्या आणि त्यांनी माझे फोटो उघडले. मी मागे उभी. कौतुकाला काय उत्तर द्यायचं ते मी मनात घोळवत होते.

"हे काय आहे?"

"झेंडू."

"ते दिसतंय. झेंडूचा विमा उतरवलाय का?"

त्यांनी फोटोच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"आणि मागे हा पिवळा ढग?"

"तो टेम्पो आहे, मॅडम."

"अरेरे. म्हणजे इतकं नुकसान झालंय की टेम्पो दिसेनासाच झालाय. पूर्ण भरपाई द्यावी लागणार."

त्यांनी शहाऐंशीच्या शहाऐंशी फोटो पाहिले. एकही गाळला नाही. चष्मा काढून त्या म्हणाल्या, "पद्मजाताई, डंपर ज्या दरवाज्यावर आदळला तो दरवाजा यात कुठेही नाही. त्या दरवाज्याचा फोटो नसेल तर त्या माणसाचा दावा फेटाळला जाईल. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी फाइल जायची आहे. तोवर दरवाजा आणा. नाही आणलात, तर आपण लग्नाचे फोटो काढावेत. तिथे सगळ्यांना सुंदरच दिसायचं असतं."

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. ऑफिसला सुट्टी, पण मी पहिल्या बसने लोणी काळभोर गाठलं. वाटभर देवाला एकच विनवत होते, गॅरेजवाला आळशी निघू दे. पुण्याच्या आसपास हे मागणं सहसा वाया जात नाही. पण दसरा तोंडावर आला की आळशी माणूससुद्धा पिसाटतो. अंगणात टेम्पो उभा होता, धुतलेला, चकचकीत रंगवलेला, कपाळावर हळदीकुंकवाचं स्वस्तिक, गळ्यात झेंडूची हातभर जाड माळ. दरवाजा नवा. त्यावर एक ओरखडासुद्धा नव्हता.

मी ओट्यावर बसले आणि सगळं सांगून टाकलं. चूक माझी, मी दरवाज्याचा फोटोच काढला नाही, आता तुमचं नुकसान होणार आणि माझी नोकरी जाणार. सांगता सांगता रडू आलं, ते आवरलं नाही.

सर्जेरावांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "एवढंच ना? त्यात काय रडायचं! पुन्हा ठोकू की दरवाजा. कितीक दबला व्हता, मला पक्कं ठावं हाय. हातोडा कुटं हाय?"

खोटं कशाला बोलू? एक क्षण मला ते पटलं. थोडा उजवीकडे ठोका, असंही मी सांगितलं असतं. पण सोजरबाई कडाडल्या.

"हातोडा पूजेत हाय! खंडेनवमीला हत्यार उचलतोस व्हय रं? आन् पुजलेल्या गाडीवर घाव घालतोस? तुझ्या बापानं कवा इळासुदिक हलिवला न्हाई आजच्या दिशी!"

खरोखरच, दाराशी पाटावर कोयता, विळा, खुरपं, हातोडा आणि पान्यांचा जुडगा असे सगळे हळदकुंकू लावून बसले होते. सर्जेराव वरमले. माझी अब्रू वाचवली ती एका हातोड्याच्या विश्रांतीने.

"पर जुना दरवाजा हाय ना," सोजरबाई म्हणाल्या. "बजरंगाच्या ग्यारेजात पडला असंल. नवा बशिवला म्हंजी जुना त्यानं खाल्ला न्हाई."

मी पळतच बजरंगच्या गॅरेजला गेले. बजरंग पांढरा सदरा घालून, कपाळाला गुलाल लावून खुर्चीत बसला होता. वर्षातून या एकाच दिवशी त्याचे हात स्वच्छ असावेत. मी जुन्या दरवाज्याबद्दल विचारलं, तर त्याने अभिमानाने कोपऱ्याकडे बोट केलं. दोन टायरवर काहीतरी आडवं टाकलेलं, त्यावर लाल कापड, आणि कापडावर ओळीने जॅक, पाने, ग्रीसची पिचकारी, वेल्डिंगचा चष्मा, नारळ, केळी आणि उदबत्ती.

"त्यो खाली हाय बघा. लांबीरुंदीला अगदी चौरंगागत. यंदा चौरंग मोडला आमचा, मंग ह्योच घेतला."

"जरा उचलता का? दोनच मिनिटं."

बजरंगने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्या देवाला रस्त्यावर उभं राहायला सांगत होते. "ताई, मांडलेली पूजा हलवत्यात का? उद्या सकाळी अक्षता टाकून हलवीन. तवा या."

मी खूप गयावया केली. कापड बाजूने उचलू का, खालून वाकून बघू का, सगळं विचारून झालं. बजरंग जागचा हलला नाही, उलट मला प्रसादाचं केळं दिलं. ते केळं मी बसमध्ये रागारागाने खाल्लं. राग कुणाचा होता ते हडपसर येईपर्यंत ठरलं नाही. हडपसरला ठरलं, माझाच.

दसऱ्याच्या सकाळी आई म्हणाली, "सणावारी कुठे निघालीस?" "दरवाजा बघायला," मी म्हटलं. तिला वाटलं मी स्थळाबद्दल काही लपवते आहे.

बजरंगने अक्षता टाकल्या, नमस्कार केला, एकेक पाना सावकाश उतरवला, नारळ बाजूला ठेवला. कापड निघालं आणि दरवाजा वर आला. त्यावर रंगाने लिहिलेलं होतं, "मालक सर्जेराव, लोणी काळभोर", आणि त्या अक्षरांच्या मधोमध पत्रा वीतभर आत गेला होता. बजरंगने तो शेडच्या सावलीत भिंतीला टेकवून दिला. बाहेर उन्हात जास्वंदीचं झाड होतं, तिथे तो फार सुरेख दिसला असता. मी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. शेजारी मोजपट्टी धरून समोरून एक, बाजूने एक, आतून एक असे तीनच फोटो काढले. इतके रूक्ष फोटो मी जन्मात काढले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मॅडमच्या टेबलावर अहवाल ठेवला. त्यात मी लिहिलं होतं की नुकसानाचे फोटो काढण्याआधीच दुरुस्तीची परवानगी दिली, ही चूक माझी आहे, मालकाची नाही. मॅडमनी ते वाक्य दोनदा वाचलं.

"हे लिहायला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही."

"मग राहू दे."

त्या फोटोंकडे वळल्या. "हे लाल काय?"

"कुंकू, मॅडम. पूजेचं."

"अहवालात टाका, कुंकू अपघातानंतरचं आहे." मग आतून काढलेला फोटो त्यांनी मोठा केला आणि बराच वेळ पाहिला. "फोटो अगदी सपक आहे. चांगला आहे." पुण्यात कुणी एवढं बोललं की पेढे वाटायचे असतात. मी मनात पेढे घेतसुद्धा होते, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "त्यांचा उजवा पाय कसा आहे आता?"

"कुणाचा?"

"सर्जेरावांचा. ही काच फिरवायची दांडी बघा, सरळ आत घुसली आहे. इथे चालवणाऱ्याची मांडी येते."

त्या माणसाबरोबर मी दोन तास होते. त्याच्या मिशांचेच मी अकरा फोटो काढले होते. लागलं का, एवढं मात्र एकदाही विचारलं नव्हतं. मॅडमनी फोन माझ्याकडे सरकवला. मी नंबर लावून त्यांचाच प्रश्न पुढे केला.

"उजवी मांडी," सर्जेराव म्हणाले. "बारा टाकं पडलं. आता बरं हाय. ताई, इचारलंत, लई बरं वाटलं बघा."

गप्प बसले असते तर चाललं असतं. पण ते मला जमेना. "काका, मी नाही विचारलं. मॅडमनी विचारलंय."

पलीकडून हसण्याचा आवाज आला. "मंग आता तुमी इचारा."

मी विचारलं. आणि सर्जेरावांनी अगदी पहिल्यापासून, डंपर दिसला तिथपासून सांगायला सुरुवात केली.