हातभर आखूड दावं

मी एक जुना ठोंब आहे. हसलात ना, मित्रांनो? मला ठाऊकच होतं. ज्याला उत्तर येत नाही त्याला ठोंब्या म्हणायची तुमची रीत आहे. म्हणा बापडे! पण मी गवताचा ठोंब आहे, सुधारित हत्तीगवताचा. मला बुडाशी कापलं तरी पन्नास दिवसांत मी पुन्हा माणसापेक्षा उंच होतो. तुमच्यापैकी कोणाला जमतं का असं, सांगा बरं.

गोठ्याच्या मोरीचं पाणी जिथे बाहेर पडतं, तिथे माझी जागा आहे. गाय धुतलेलं, गोठा धुतलेलं सगळं पाणी माझ्या मुळांशी येतं. गोठ्याला या बाजूने भिंत नाही, त्यामुळे इथून मला आतलं सगळं दिसतं. जे दिसायला नको होतं तेही दिसलं, आणि तेच सांगायला आज बसलो आहे. म्हणजे उभाच आहे. आम्हाला बसता कुठे येतं!

मी इथे आलो तेव्हा वीतभर कांडी होतो. या घरची सूनबाई कुठेतरी सुधारित चाऱ्याचं शेत पाहायला गेली होती. तिथून तिने सहा कांड्या ओल्या पोत्यात गुंडाळून आणल्या. प्रत्येक कांडीला दोन डोळे होते, म्हणजे कोंब फुटायच्या जागा. एक डोळा मातीत आणि एक वर, अशी तिने आम्हाला तिरकी लावली. तिचे सासरे खाटेवर बसून दोर वळत होते. हात न थांबवता ते म्हणाले, "हत्तीगवत? अगं, आपल्याकडे तर एकच गाय आहे. हत्ती कधी आणतेस?"

पाच कांड्या वाळून गेल्या. मोरीच्या पाण्यावर मी एकटा तगलो. मग माझ्याच कांड्या काढून सूनबाईने गोठ्यामागचा सगळा तुकडा लावला. तेव्हा तिथे जे काही हिरवं दिसतं, ती सगळी माझीच पिलावळ, बरं का.

माझी पहिली कापणी या घरच्या गाईने खाल्ली. तिच्या कपाळावर पांढरा ठिपका होता, म्हणून तिला सगळे कपाळी म्हणत. माझी पानं मऊ, कड कापत नाही, कुसळं टोचत नाहीत. कपाळीने गव्हाण चाटूनपुसून साफ केली. आठवड्याभरात तिचं दूध लिटरभर वाढलं आणि सासऱ्यांनी चार दिवस एकही टोमणा मारला नाही. त्यांच्या बाजूने ती शाबासकीच होती.

मग लोक कांड्या मागायला येऊ लागले. सूनबाईने त्या विकायला काढल्या. पहिला मोसम झकास गेला. पण आमच्या जातीचा एक घोटाळा आहे. आज जो कांड्या नेतो, त्याच्याच शेतात उद्या विकण्याइतक्या कांड्या होतात. दोन वर्षांत घरोघरी माझी पोरं उभी राहिली आणि कांड्यांना कुत्रंही विचारीना. शेजारीपाजारी जमले असताना सासरे मोठ्याने म्हणाले, "गवत का कुठे कोणी विकत घेतं? उद्या वारासुद्धा पुडीत बांधून विकशील!" सगळे हसले. सूनबाईही हसली, पण घरात जाताना तिने माझं एक पान ओरबाडलं आणि त्याचे बारीक बारीक तुकडे केले. ते मी पाहिलं.

तिला खरं गिऱ्हाईक सापडलं ते रस्त्यावर. शिंपीणबाईंचं दुकान रस्त्याला लागून होतं आणि मागे एक गाय होती. जमीन मात्र बोटभरही नव्हती. शिवणकाम अर्धं टाकून त्या विळा घेऊन रस्त्याच्या कडेचं गवत शोधत फिरत. एक दिवस त्या आल्या आणि म्हणाल्या, "ताई, मला कांड्या नकोत, लावू कुठे? रोज एक पेंढी हिरवं गवत दे. मी शिवू की गवत धुंडाळत फिरू?"

सूनबाईच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. जमीन नाही पण गाय आहे, अशी माणसं थोडी का होती! धोबी, सुतार, शाळेचा शिपाई. बघता बघता रोजच्या पंधरा पेंढ्या झाल्या. सायकलवर माझ्या पेंढ्या बांधून ती बाजाराच्या कोपऱ्यावर जाई, आणि ती उतरायच्या आत लोक पुढे येत. "गवतवाल्या ताई आल्या!" आजवर ती कोणाची तरी सून होती, कोणाची तरी वहिनी. आता तिला स्वतःची ओळख मिळाली. मित्रांनो, मीसुद्धा हरभऱ्याच्या झाडावर चढलो. माझ्याविना पंधरा घरांतल्या गाईंचं पान हलत नाही, असं मला वाटू लागलं.

इथूनच सगळं बिघडलं.

मागणी वाढली, तुकडा तेवढाच राहिला. सूनबाई मला पन्नासाव्या दिवसाऐवजी पस्तिसाव्या दिवशी कापू लागली. आणि तेव्हा कपाळी गाभण होती. व्यायला दोन महिने उरले म्हणून तिचं दूध आटवलं होतं. सूनबाईने ठरवलं, दूध देत नाही तोवर तिला वाळला कडबा चालेल, हिरवं सगळं बाजारात जाऊ दे. ती दुष्ट नव्हती हो. पुष्कळ घरांत असंच करतात. जी दूध देते तिच्यापुढे हिरवं, जी देत नाही तिच्यापुढे वाळलं.

कपाळीला हे कोण समजावणार? ती मान लांब करून माझीच पानं ओढायची. एक दिवस सूनबाईने पाहिलं आणि सासऱ्यांना म्हणाली, "मामंजी, हिचं दावं हातभर आखूड करा. गिऱ्हाइकाचं गवत खाते ही."

सासऱ्यांनी कपाळीच्या पाठीवरून हात फिरवला. "सूनबाई, पोटुशी आहे ती. तिचं दूध आटलंय, भूक नाही आटली."

"गवत का कोणी विकत घेतं, असं तुम्हीच म्हणाला होतात ना?" ती ताडकन म्हणाली.

सासऱ्यांनी दाव्याला गाठ मारली. यावेळी ते खरं बोलत होते, पण तिच्या कानांत अजून जुनं हसूच घुमत होतं.

त्या दिवसापासून कपाळी आणि माझ्यामध्ये एक हात अंतर राहिलं. ती दावं ताणायची, जीभ बाहेर काढायची. तिचा श्वास माझ्या पानांना लागायचा, जीभ लागायची नाही. तिच्या फासळ्या दिसू लागल्या. आणि मी काय करत होतो? आज सायकलवर किती पेंढ्या चढल्या ते बघत होतो! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मला त्याची अजून लाज वाटते.

एका दुपारी कपाळी व्याली. इवलीशी कालवड झाली. पण कपाळी उठेना. शेपटीकडून उचलून पाहिलं, पोत्याचा आधार दिला, तरी उठेना. जनावरांच्या डॉक्टरांनी तिचे डोळे पाहिले, फासळ्या पाहिल्या. "शेवटचे दोन महिने काय घातलंत?"

"कडबा," सूनबाई म्हणाली.

"याच दोन महिन्यांत पोटातलं वासरू सगळ्यात जास्त वाढतं, ताई. मिळालं नाही तर ते आईच्या अंगातून काढून घेतं. हिच्या अंगात आता काही उरलेलं नाही." त्यांनी सलाईन लावलं आणि दर दोन तासांनी कूस बदलायला सांगितलं. सूनबाई बाजारात गेली नाही. पेंढ्या दारात तशाच पडून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी शिंपीणबाई स्वतःच गवत न्यायला आल्या. गोठ्यात डोकावल्या आणि दारातच थबकल्या. मग आपली पेंढी सोडून त्यांनी कपाळीच्या तोंडापुढे पसरली. "माझी गाय तुझ्या गवतावर पोसली गं. ते हिच्या वाटणीचं होतं, हे मला कुठे ठाऊक!"

कपाळीने चार पानं चावली. पाचवं तिच्या तोंडातच राहिलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. सूनबाई दावं सोडायला बसली, पण गाठ सुटेना. ती रडत रडत ओढत राहिली. शेवटी सासऱ्यांनी विळ्याने दोर कापला आणि ते तिच्याशेजारी बसले. "तेव्हा चारचौघांत मी हसलो नसतो, तर तू माझं ऐकलं असतंस," ते म्हणाले.

कालवड जगली. शिंपीणबाई रोज आपल्या गाईचं दूध घेऊन यायच्या आणि तिला स्वतःच्या हाताने पाजायच्या. म्हणजे पाहा, माझंच गवत दूध होऊन या गोठ्यात परत आलं.

गवताचा धंदा बंद पडला नाही. पडूही नये. ज्यांना जमीन नाही त्यांनी गाई पाळायच्या कशाच्या जोरावर? पण आता पहिली पेंढी गव्हाणीत पडते आणि मग सायकल निघते. मला पुन्हा पन्नासाव्या दिवशी कापतात. "आज एवढंच आहे," असं सूनबाई सरळ सांगते. काही गिऱ्हाइकं रुसून दुसरीकडे गेली. शिंपीणबाई गेल्या नाहीत.

मी आता म्हातारा झालो. मधोमध वाळलो आहे, कडेने तेवढे फुटवे येतात. गोठ्याकडच्या अंगाने तर मी वाढतच नाही, कारण तिकडची पानं कालवड वाढूच देत नाही. सासऱ्यांनी तिच्यासाठी नवं दावं वळलं, तेव्हा सूनबाईने ते स्वतः खुंटीपासून माझ्यापर्यंत धरून पाहिलं आणि म्हणाली, "आणखी हातभर वळा, मामंजी."

मित्रांनो, तुमच्या घरचं चांगलं ते जरूर बाजारात न्या, नाव कमवा. पण निघण्याआधी एकदा मागे जाऊन बघा, आज जे काही देत नाही त्याच्यापुढे तुम्ही काय टाकलं आहे. मुक्याला मागता येत नाही, ते फक्त दावं ताणतं.

कालवडीची जीभ माझ्यापर्यंत पोचते. तिच्या आईला हातभरच कमी पडलं होतं.