तापीबाईची सकाळची सुई

पांढरा डबा रमिलाच्या हातात गेला, तो दिवस जमनाबाई विसरली नाही.

डबा तसा लहानच. पत्र्याचा, झाकणाचा एक कोपरा चेपलेला. आत काचेची पिचकारी, दोन सुया, कापूस आणि स्पिरिटची लहान शिशी. शहाद्याकडच्या दवाखान्यातल्या नर्स फुलवंताबाई तो घेऊन तापीकाठच्या त्या गावात आल्या, तेव्हा ओसरीवर तिघी बसल्या होत्या. सासू तापीबाई, थोरली सून जमना आणि धाकटी रमिला. तापीबाईला साखरेचा आजार होता. रोज सकाळी इन्सुलिनची सुई टोचायची, अर्ध्या तासात जेवण द्यायचं, आणि हे आता जन्मभर चालायचं.

"आकडे कोणाला वाचता येतात?" फुलवंताबाईंनी विचारलं.

रमिला चौथी शिकलेली. तिने शाळेत करतात तसा हात वर केला. डबा तिच्याकडे गेला.

जमना अठरा वर्षं त्या घरात होती. सासूचे पाय रोज कोमट पाण्याने धुवायचे, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, तळव्याला भेग पडली की खोबरेल लावायचं, हे काम तिचं. कोणी सांगितलं म्हणून नव्हे, तिच्या मनाने सुरू झालेलं. फुलवंताबाईंनी ते पाय उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाल्या, "इतकी चांगली निगा मी कुठे पाहिली नाही." जमनाला बरं वाटलं, पण ते तेवढ्यापुरतंच. कारण गावातल्या बायका पाय पाहायला येत नव्हत्या. त्या डबा पाहायला येत होत्या.

"तापीबाई, तुन्ही धाकली सून ते डॉक्टरीन व्हई गयी!"

तापीबाई फुलून जायची. "हाऊ! मन्ही रमिला टोचस, ते मुंगी चावनी इतलं बी समजत नही."

जमना चुलीपाशी बसून हे ऐकायची आणि भाकरी जरा जोराने थापायची.

औषधाची बाटली रमिला एका लहान मडक्यात, ओल्या वाळूत ठेवायची, म्हणजे उन्हाळ्यात ती गार राही. एकदा जमनाने झाडताना ते मडकं बाजूला सरकवलं. रमिला पटकन म्हणाली, "मोठी बाई, त्याले हात नका लावा."

एवढंच. रमिलाच्या मनात काही वाईट नव्हतं. पण जमनाच्या छातीत ते वाक्य रुतलं. आपल्याच घरातल्या मडक्याला आपण हात लावायचा नाही, आणि हे सांगणार कोण, तर आपल्या मागून सहा वर्षांनी आलेली. त्या दिवसापासून तिने रमिलाशी बोलणं सोडलं.

दोन जावांचा अबोला म्हणजे बोलणं थांबतं असं नाही. ते फक्त वळसा घेऊन जातं. जमना म्हणायची, "माय, त्यास्ले सांगा, मीठ सरनं." दोन हातांवर बसलेली रमिला म्हणायची, "माय, सांगा, डब्बामा शे." तापीबाई कधी हसायची, कधी वैतागायची. "मी काय तुमनं टपाल शे का? पत्र लिखा एकमेकीस्ले!"

"माले लिखता येत नही," जमना म्हणाली. "ज्यास्ले येस त्यास्नी लिखा."

असे चार महिने गेले.

पण जमनाचा डोळा डब्यावरच होता. सकाळी रमिला पिचकारी उकळायला ठेवायची, तेव्हा जमना उंबऱ्यात काहीतरी निवडत बसायची आणि सगळं पाहायची. बाटली तळव्यांमध्ये कशी फिरवायची, काचेवरच्या कितव्या रेघेपर्यंत औषध ओढायचं, कातडी चिमटीत कशी धरायची. आकडे तिला येत नव्हते, रेघा येत होत्या. गोठ्यात जाऊन ती बाभळीचा काटा वांग्यात टोचून पाहायची. एकदा बन्सीलालने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, ती वांगी पाहिली. "यास्ले काय रोग लागना?" त्याने विचारलं. जमनाने त्या दिवशी भरीत केलं.

मग फाल्गुनातली ती सकाळ आली. होळीआधी घरातल्या सगळ्या गोधड्या तापीवर नेऊन धुवायच्या होत्या. रमिलाने पहाटेच सासूला सुई दिली, भाकरी-भाजी खाऊ घातली, डबा पुसून फळीवर ठेवला आणि गाडीतून नदीवर गेली. जमना तेव्हा मळ्यात होती. अबोला नसता, तर रमिलाने वाटेत गाडी थांबवून दोन शब्द सांगितले असते. ती नुसती समोरून गेली.

जमना घरी आली तेव्हा ऊन अंगणात आलं होतं. चुलीवर पिचकारी नाही. डबा जागच्या जागी. रमिला नाही. जमनाच्या मनात आनंदाची एक उकळी फुटली. विसरली! डॉक्टरीन विसरली!

"माय, सुई राही गयी तुमनी."

"दिन्ही ना रमिलानी. सकायमा दिन्ही."

जमनाचा विश्वास बसला नाही. गेल्याच महिन्यात रमिलाच्या हातून दुधाचं पातेलं सांडलं होतं, आणि तापीबाईने "मन्हाच धक्का लागना" म्हणून सांगितलं होतं. जमनाने ते सांडताना स्वतः पाहिलं होतं. सासू धाकटीला पांघरूण घालते, हे तिला पाठ होतं.

"तिले नका झाका, माय. मी काय तिले बोलाव नही. मी देस सुई."

"अगं, दिन्ही शे!"

"मन्हा हातनी नको वाटस तुमले. असंच सांगा ना मंग."

हे बोलताना जमनाचा आवाज फुटला. तापीबाईने तिच्याकडे पाहिलं. या सुनेने अठरा वर्षं आपले पाय धुतले, हे तिला ठाऊक होतं. ते तिने बोलून मात्र कधी दाखवलं नव्हतं. आणि औषध जास्त झालं तर काय होतं, हे तिला कोणी समजावलं नव्हतं. भाकरीवर तूप जरा जास्त पडावं, तसंच ते असेल असं तिला वाटलं. तिने बाही वर सरकवली.

"दे बाई. तुन्हा जीव थंडा व्हवू दे."

जमनाने पिचकारी उकळली. रेघा मोजल्या. चिमटी धरली. सुई गेली आणि आली.

"समजनं बी नही," तापीबाई म्हणाली. "तुन्हा हात रमिलाथीन हलका शे."

चार महिने जमना याच वाक्यासाठी झुरत होती. ती शेणाने सारवायला बसली, तरी ओठांवरचं हसू जाईना. रमिला आली की काय म्हणायचं, तेही तिने ठरवलं. "माय, त्यास्ले सांगा, त्या भुलनात ते आम्ही करी टाकं."

गाडी परतली तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता. रमिला ओल्या गोधड्या उतरवून आत गेली आणि तिने हाक मारली, "माय? ओ माय!"

तापीबाई खाटेवर होती. लुगडं घामाने भिजलेलं, हात थरथरत होते. जमनाकडे पाहून ती केव्हाच वारलेल्या आपल्या बहिणीचं नाव घेऊ लागली.

रमिला घाबरली, पण विचार करत राहिली. तिने सासूलाच सांगावं तसं मोठ्याने म्हटलं, "सुई ते मी सकायमा दिन्ही, जेवण बी दिन्हं. मंग हाई काय व्हयनं? काल लगीनमा लापशी खादी व्हती, दोनदा. साखर चढनी व्हई." आणि तिने फळीवरचा डबा काढला. "थोडी आनखी सुई देनी पडी."

जमना दारात उभी होती. म्हणजे सासू खरं बोलत होती.

तिला सगळं एकदम कळलं, आणि त्याबरोबर दुसरंही कळलं. आता बोललं, तर डबा कधीच आपल्याकडे येणार नाही. गाव म्हणेल, थोरलीने सासूला मारायला घेतलं होतं. रमिला तर जन्मभर मान वर करून चालेल. नाही बोललं, तर कोणाला काय कळणार? बोलायचं म्हटलं तरी कोणामार्फत? जिच्यामार्फत बोलत होतो, ती तर शुद्धीवर नाही.

रमिलाने पिचकारीसाठी पाणी ठेवलं. चुलीत काटक्या सरकवल्या.

"माय," जमनाने खाटेकडे पाहून सुरुवात केली. "माय, त्यास्ले सांगा..."

तापीबाईचे डोळे मिटत होते.

जमना पुढे झाली. तिने रमिलाचं मनगट धरलं.

"रमिला, सुई नको दे. मी बी दिन्ही. तू गयी, मंग मी दिन्ही. तितलीच."

रमिलाने तिच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात काय होतं हे बघायला जमना थांबली नाही. दुप्पट औषधाने साखर फार उतरली असणार, एवढं तिला कळलं होतं; ती गुळाची ढेप घेऊन आली. रमिला म्हणाली, "पानी नको पाजा, घशामा अडकी. मोठी बाई, डोकं एका कुशीवर धरा." तिने गूळ ओला करून बोटाने सासूच्या गालाच्या आतून चोळला. थोडा, पुन्हा थोडा. जमनाने डोकं मांडीवर धरलं होतं आणि तोंडातली लाळ पदराने पुसत होती. कोणी कोणाला दोष दिला नाही. तेवढी उसंत नव्हती.

बऱ्याच वेळाने तापीबाईने जीभ फिरवली. "गूळ?" ती म्हणाली. "आज गूळ कसा काय?"

मग दोघींनी तिला बसवून दूध-भाकरी भरवली, संध्याकाळपर्यंत आळीपाळीने जवळ बसल्या, आणि बन्सीलाल गाडी जोडून नर्सबाईंना आणायला गेला.

फुलवंताबाईंनी आल्यावर रागावणं बाजूला ठेवलं. आधी तापीबाईला तपासलं. मग विचारलं, पहिली सुई कधी, दुसरी कधी, घाम कधी सुटला. जमनाने स्वतःच्या तोंडाने सगळं सांगितलं, वांग्यांसकट. शेवटी नर्सबाई जमनाला म्हणाल्या, "रमिलाने टोचली, हे तुम्हाला माहीत कसं नव्हतं?"

दोघींनी खाटेकडे पाहिलं.

"त्या बोलत नहीत एकमेकीशी," खाटेवरून तापीबाई म्हणाली. "चार महिना व्हयनात. टपाल मीच शे."

फुलवंताबाईंनी डबा उचलून मांडीवर घेतला. "मग चूक माझीही आहे," त्या म्हणाल्या. "आकडे कोणाला येतात हे मी विचारलं. या घरात कोण कोणाशी बोलतं, ते आधी विचारायला हवं होतं. बरा न होणारा आजार एका हाताने सांभाळता येत नाही. आणि दोन हात असले, तर एकाने काय केलं ते दुसऱ्याला कळलं पाहिजे. बाकी सगळं त्याच्यानंतर."

मग त्यांनी ठरवून दिलं. सुई रमिलाच देईल. देऊन झाल्यावर ती जमनाकडे जाऊन तोंडाने सांगेल. ते ऐकल्यावर जमना जेवण वाढेल. घाम, थरथर किंवा भ्रम दिसला, तर आधी गूळ, विचारपूस मागून.

"आणि टोचायचं मला कधी शिकवणार?" असं जमनाच्या ओठांवर आलं. तिने ते गिळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गोठ्यात दूध काढत होती. रमिला दारात येऊन उभी राहिली. तिच्या हाताला स्पिरिटचा वास होता, आणि त्या वासाने जमनाचा हेवा पुन्हा जागा झाला, कालच्याइतकाच.

"मोठी बाई, सुई दिन्ही."

जमनाने धार थांबवली नाही. चरवीत फेस चढत होता. रमिला तशीच उभी राहिली. उत्तर मिळेपर्यंत जायचं नाही, असं नर्सबाईंनी सांगितलं होतं.

"आयकं मी," जमना म्हणाली. तिने वासरू सोडलं, हात धुतले आणि भाकरी टाकायला आत गेली.