फायरप्लेसपुढची मुलगी

"आई, व्हॉट डिड यू यूज?" रीमाने विचारलं.

"चिंच आणि मीठ. आणखी काय वापरणार?" मी म्हटलं.

म्युझियममधून आलेली बाई आमच्या फायरप्लेसपुढे गुडघे टेकून त्या मुलीला निरखत होती. तिला मराठी कळत नव्हतं, पण तिचा चेहरा उतरलेला मला कळत होता.

ही मुलगी आणि समोरचा मुलगा, अशी दीड वीत उंचीची ब्राँझची जोडी. अडीचशे वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या कुठल्याशा बड्या घरात शेकोटीच्या दोन बाजूंना बसवलेली. मागच्या लोखंडी दांड्यांवर लाकडं जळायची आणि पुढे ही दोघं समोरासमोर बसून हात शेकायची. अंगावर सोन्याचा मुलामा. ह्यांना ती इथे अमेरिकेत, आमच्या पार्सिपनी गावातच, एका एस्टेट सेलमध्ये, म्हणजे गेलेल्या माणसाच्या घरातल्या सामानाच्या विक्रीत, जुन्या फावड्यांशेजारी मिळाली. मग काय, केमिकल इंजिनियर माणूस, वेडाच झाला. सोनं पाऱ्यात कालवून लावतात, मग धगीवर पारा उडवतात, हे मी पोळ्या लाटताना शंभरदा ऐकलंय. धूळ स्वतः मऊ ब्रशने झटकायचे, मला हात लावू द्यायचे नाहीत. गॅसची फायरप्लेससुद्धा कधी पेटवू दिली नाही. "धग लागेल गं त्यांना," म्हणायचे. आणि मी सत्तावीस हिवाळे शाल पांघरून काढले.

मार्चमध्ये हे गेले. जोडी म्युझियममध्ये जावी, खाली आपलं नाव असावं, एवढीच इच्छा होती. जाताना माणूस मुलाबाळांचं काही बोलतो, हे म्हणाले, "तेवढं बघ." मला ते बघायचंच होतं. रीमाने ईमेल करकरून ही बाई मिळवली. आता घरी पाहुणे येणार म्हटल्यावर पितळेचं सामान घासायचं नाही? माझ्या माहेरी समया घासल्याशिवाय दसरा उजाडला नाही. शुक्रवारी सकाळी चिंच भिजवली, मीठ घेतलं, काथ्या घेतला. मुलगी घासून होईतो खांदा भरून आला, म्हणून मुलगा राहिला. मला ती छान लखलखीत वाटली हो. सोनं सिंकमध्ये वाहून गेलंय हे मला कोण सांगणार होतं? सांगणारा तर गेला.

बाईशी बोलून रीमा माझ्याजवळ आली. "आई, पेअर म्हणून दे कान्ट टेक इट. फक्त मुलाला घेतील. डोनर म्हणून बाबांचं नाव लागेल. पण मग जोडी तुटेल. तू नो म्हणालीस तरी ओके आहे."

हे असते तर ओरडले असते. दोन दिवस धड जेवले नसते, आणि तिसऱ्या दिवशी मुकाट्याने माझ्यापुढे चहाचा कप आणून ठेवला असता. त्या ओरडण्याची मला फार आठवण आली.

"ने म्हणावं मुलाला," मी म्हटलं. "दिगंबर पोंक्षे. स्पेलिंग मी लिहून देते."

"आणि तुझं नाव?"

"माझं नको. मी काय केलंय ते दिसतंच आहे."

बाईने हातमोजे घालून मुलाला अलगद उचललं आणि फोममध्ये गुंडाळलं. रीमालाही जर्सी सिटीला परतायचं होतं. दोन्ही गाड्या पाठोपाठ गेल्या.

मी आत येऊन गॅसचं बटण दाबलं. पहिल्यांदा लागला नाही, दुसऱ्यांदा लागला. आता तिचं आणखी काय बिघडणार होतं? ती हात पुढे करून बसलीच होती. मी स्टूल ओढून मुलाच्या जागी ठेवलं, तिच्यासमोर बसले आणि हात पुढे केले.