भरतीचे शब्द

तिसऱ्या चौकटीवर आल्यावर ताईने फोन डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला, मग चष्मा पुसून पुन्हा जवळ आणला. शब्द काही बदलले नाहीत.

चित्र तिचंच होतं. साळोबा नावाचं साळिंदर, अंगात भोकं पडलेलं चिलखत, दुकानाच्या फळीपुढे मान खाली घालून उभं. फळीमागे मनीमावशी नावाची मांजर, गल्ल्यावर शेपूट टाकून बसलेली. चित्रं तिने मागच्याच आठवड्यात काढून दिली होती. फुग्यांतले शब्द मात्र ती आत्ता, सगळ्या वाचकांबरोबर, पहिल्यांदा वाचत होती.

‘सांगितलंस का ताईला?’ मनीमावशी विचारत होती.

‘नाही.’

‘का रे?’

‘तिचा हात कापतो. सगळ्या रेषा मीच सरळ करतो. कुठल्या तोंडाने सांगू?’

आणि शेवटच्या चौकटीत, जिथे तिने मनीमावशीला पोट धरून हसताना काढलं होतं, तिथल्या फुग्यात नुसतं ‘अबकड अबकड अबकड’.

ताईने फोन टेबलावर पालथा घातला, जणू काही समोरून कोणी तिच्याकडे बघत होतं.

साळोबाला आता दहा वर्षं होऊन गेली होती. दर सोमवारी आणि गुरुवारी सकाळी आठ वाजता त्याच्या कॉमिकची नवी पट्टी वेबसाइटवर आपोआप झळकायची. व्हिडिओ गेममधला हा शूर वीर. पण नशीब असं की कुठलंही चिलखत घातलं की ते त्याच्याच काट्यांनी आतून फाटायचं. मनीमावशीकडून सोन्याच्या भावाने घेतलेली तलवार तिलाच विकायला गेला की ती भंगाराचा भाव सांगायची. गावातली बदकं वर्षानुवर्षं एकच वाक्य बोलायची. साळोबा मेला की पहिल्यापासून सुरुवात, आणि सुरुवात म्हणजे घुबडगुरुजी. उडी कशी मारावी हे ते त्याला अजून शिकवत होते. ज्यांनी उभं आयुष्य गेम खेळण्यात घालवलं होतं ती मंडळी हे वाचून खुर्चीवरून पडायची.

विनोद धाकट्या भावाचे, चित्रं ताईची. भावाला सगळे ढब्बू म्हणत. दिवसा तो एका दुकानात कॉम्प्युटर दुरुस्त करायचा आणि उरलेल्या वेळात साळोबाला मारायचा. पहिल्या पट्टीपासून दोघांचा एक नियम होता. ढब्बू तिला फक्त चेहरे सांगायचा: पहिल्या चौकटीत साळोबा वरमलेला, शेवटच्या चौकटीत मावशी लोटपोट. ताई कागदावर मोठी चित्रं काढायची, त्यांचे फोटो त्याला पाठवायची, पुढचं सगळं तो बघायचा. विनोद काय आहे हे तिने विचारायचं नाही आणि त्याने सांगायचं नाही. घरात निदान एक माणूस तरी कोरं हसलं पाहिजे, असं त्याचं म्हणणं. आणि ती हसायचीही. सोमवारी नि गुरुवारी सकाळचा चहा साळोबाबरोबर, हे ठरलेलं.

आता झालं काय हे तिला लगेच कळलं होतं. फुग्यात अक्षरं किती मोठी बसतील हे बघायला ढब्बू आधी काहीतरी वाटेल ते लिहून ठेवायचा. बाजारातून काय आणायचं, दुकानमालकाला शिव्या, मनात येईल ते. त्याला तो भरतीचे शब्द म्हणायचा. माप जमलं की ते पुसून खरे संवाद टाकायचे. आज गडी पुसायला विसरला होता आणि तीच प्रत आठ वाजता जगासमोर गेली होती.

चूक कळली. पण त्या शब्दांचं काय करायचं?

“अगं, आज हसायचं कुठे होतं?” स्वयंपाकघरातून आई हातात टॅबलेट घेऊन आली. आईने आयुष्यात एकही गेम खेळला नव्हता, पण पट्टी चुकवत नसे. “आणि ही ताई कोण? तू की काय?”

“असेल कोणीतरी.”

“असेल कोणीतरी कसं? तुझ्या भावाला काय दहा बहिणी आहेत?” आई बोलता बोलता थांबली. तिची नजर ताईच्या कपावर गेली. कप अर्धाच भरलेला होता. गेले कित्येक दिवस ताई अर्धाच कप चहा घेत होती. “मला वाटलं, वजन कमी करतेयस,” आई हळूच म्हणाली.

ताईने कप दोन्ही हातांनी उचलला आणि आत नेऊन ठेवला. चहा प्यायचा राहूनच गेला.

तिने पुन्हा फोन बघितला तेव्हा वाचकांचा नुसता पूर लोटला होता. ‘बाप रे! हे काय होतं?’ एकाने लिहिलं होतं. ‘दहा वर्षं हसवलंत आणि आज सकाळी ऑफिसमध्ये रडवलंत.’ कोणी विचारत होतं, साळोबाला बहीण आहे हे आजवर का लपवलं, ती कधी दिसणार. एका शहाण्याने तर शेवटच्या ‘अबकड’वर अख्खा निबंध लिहिला होता. दुःखापुढे भाषा तोकडी पडते, हे म्हणे इतक्या थोडक्यात कुणीच दाखवलं नव्हतं. एरवी ताई हे वाचून लोळली असती.

ती उठून तिच्या टेबलाशी गेली. खणातून आजच्या पट्टीचा मूळ कागद काढला, टेबलावर पसरला आणि शेजारी आईचा टॅबलेट ठेवून पडद्यावरचं चित्र दोन बोटांनी मोठं केलं. साळोबाची पाठ. आधी डावीकडे कागदावरची बघितली, मग उजवीकडची.

कागदावरचे काटे वाऱ्यात गवत हलावं तसे होते. प्रत्येक काटा निघताना ठीक, मध्ये गेल्यावर नागमोडी, आणि टोकाला तर पेनाने दोनदा उडी मारलेली. पडद्यावरचे काटे सुईसारखे सरळ होते. मनीमावशीच्या मिशा, फळीची कड, चिलखताची भोकं, सगळं तेच आणि तरी एकही रेषा तिची नव्हती.

तिने आधीच्या गुरुवारचा कागद काढला. त्याच्या आधीचा सोमवारचा. त्याच्या आधीचा. मग खण ओढून जमिनीवरच उपडा केला आणि बघतच राहिली.

हात कापतो हे तिला माहीत नव्हतं असं थोडंच होतं? ज्याचा हात त्याला कळणारच. पण कागद मोठा, चित्र मोठं. फोनवर लहान झालं की थरथर मरून जाते, अशी तिने आपली समजूत घातली होती. आणि ती समजूत आठवड्यातून दोनदा खरी ठरत होती! आठ वाजले की ती पट्टी उघडायची, विनोदाच्याही आधी साळोबाचे काटे बघायची, आणि मनाशी म्हणायची, बघ, काही झालेलं नाही, उगाच घाबरतेस. डॉक्टरांची वेळ तिने दोनदा घेतली होती. एकदा सोमवारची, एकदा गुरुवारची. दोन्ही वेळा सकाळी पट्टी बघितल्यावर तिने फोन करून ती रद्द केली होती.

दार धाडकन उघडलं. ढब्बूने हेल्मेटसुद्धा काढलं नव्हतं.

“ताई, तू वाचलंस? वाचू नकोस. म्हणजे, वाचलंस का?”

“वाचलं.”

“मी काढून टाकतो. आत्ता काढतो. दुकानात गिऱ्हाईक म्हणालं तेव्हा कळलं मला, नेट गेलं होतं सकाळपासून. ते भरतीचं होतं गं, माहितीये ना तुला, मी वाट्टेल ते लिहितो…” त्याची नजर जमिनीवर पसरलेल्या कागदांवर गेली.

“वाट्टेल ते?” ताई म्हणाली.

हेल्मेटच्या काचेवर त्याच्या श्वासाची वाफ धरली होती.

“ते आधी काढ डोक्यावरचं,” आई दारातून म्हणाली. “चोरासारखा दिसतोयस.”

त्याने हेल्मेट काढून काखेत धरलं. “तू नोकरी सोडलीस ना याच्यासाठी,” तो म्हणाला. “मीच तुला सोडायला लावली. म्हटलं, तिला कळलं तर ती पेन खाली ठेवेल. मला काय, दोन तास जास्त बसायचं. त्याचं मला काही नाही, शप्पथ. मी तुझ्यासारखीच काढायचो रेषा, एक इकडची तिकडे नाही.”

“तेच तर.”

“काय?”

“माझ्यासारखीच काढायचास.” तिचा आवाज चढला. एरवी ती रागावली की खालच्या आवाजात बोलायची. “अरे मूर्खा, मी दर वेळी ते बघून ठरवत होते की माझा हात ठीक आहे! तू काढलेले काटे बघायचे आणि डॉक्टरला फोन करून सांगायचे, नको, येत नाही. दोनदा सांगितलं! हसत हसत सांगितलं!”

ही गोष्ट ढब्बूच्या डोक्यात कधी आलीच नव्हती. काखेतलं हेल्मेट निसटलं, जमिनीवर आपटलं आणि कागदांवरून गडगडत टेबलाखाली गेलं. ते उचलायला कोणी वाकलं नाही.

“मला वाटलं,” तो म्हणाला, “मला वाटलं की तुला…” आणि मटकन खाली बसला. कागदांच्या मधोमध, शाळेतून मार खाऊन आलेल्या पोरासारखा.

ताईला त्याची दया आली आणि दया आली म्हणून आणखी राग आला. त्याच्या पाठीत एक धपाटा घालावा असं तिला वाटलं. तिने घातलाही. तो हलला नाही.

“पट्टी काढून टाकू ना?” त्याने खालूनच विचारलं.

“राहू दे. लोकांना आवडलीय.”

आईने तोवर डॉक्टरांना फोन लावला होता. हिला हात दाखवायचाय, आजच्या आज दाखवायचाय, आणि आज रद्द करायला कोणी फोन केला तर तो घेऊ नका, असं ती पलीकडच्या बाईला बजावून सांगत होती.

दुपारी डॉक्टरांच्या खोलीत दोघं शेजारी शेजारी बसली. आई बाहेर थांबली होती. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, घाईत नव्हत्या. त्यांनी ताईला हात पुढे धरायला लावले, बोटं नाकाला लावायला सांगितली, मनगट धरून वर-खाली हलवून बघितलं.

“हे कधीपासून होतंय?”

“झाले असतील सहा-सात महिने,” ताई म्हणाली.

“नाही,” ढब्बू म्हणाला.

दोघींनी त्याच्याकडे बघितलं. तो आपल्या बुटांकडे बघत होता.

“ती कासवांच्या शर्यतीची मालिका होती ना,” तो म्हणाला, “त्यातल्या दुसऱ्या पट्टीपासून. आधी फक्त लांब रेषा. गोल यायचे. मग गोलही बिघडले.”

“कासवांची?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“कॉमिक आहे आमचं,” तो म्हणाला. “तीन वर्षं झाली त्या मालिकेला.”

ताईने मान वळवली नाही. कासवांची शर्यत. त्या मालिकेनंतर वाचक दुप्पट झाले होते. तिच्या हातून निघालेलं सगळ्यात देखणं काम म्हणून तिने ती वेबसाइटवरून छापून, चौकटीत बसवून टेबलासमोर टांगली होती आणि हात अडला की ती मान वर करून तिच्याकडे बघायची. आपल्याला हे जमतं, हे आठवायला.

“तीन वर्षं?” ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला.

“हो, ताई.”

डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतलं. मग एक कोरा कागद आणि पेन तिच्यापुढे सरकवलं. “गोगलगायीच्या शंखासारखी रेषा काढा. मधून सुरू करून बाहेर बाहेर. हात टेबलाला टेकवायचा नाही. सावकाश काढा, काही घाई नाही.”

ताईने पेन उचललं. पहिला वेढा कसाबसा गोल आला. दुसऱ्या वेढ्याला रेषा डुगडुगली, आणि तिसऱ्याला पेन कागदावर स्वतःच्या मनाने दाते पाडत निघालं. ते लपवायला इथे चित्र लहान होणार नव्हतं. ती थांबली नाही.

शेजारून ढब्बूचा हात कागदाकडे निघाला. अर्ध्या वाटेत त्याच्या ते लक्षात आलं. त्याने हात मागे घेतला आणि मांडीखाली घालून त्यावर बसून राहिला.