गार हातातला काळा खडा

जेवणाची सुट्टी होऊन बराच वेळ झाला, तरी बेकरीच्या जेवणघरात कुणी डबा उघडला नव्हता. माणसं बाकांवर चढून, एकमेकांच्या खांद्यांवरून माना काढून बघत होती. मधल्या टेबलावर मखमलीची पेटी, पेटीत बदामाएवढा खडा, आणि पेटीमागे मालकांनी आणलेले भावनागुरू.

"माणूस खोटं हसतो," गुरू म्हणाले. आवाज पाकात बुडवून काढलेला. "कामाच्या जागी तर फारच हसतो. पण मनाची कंपनं तळहातात उतरतात, हे माझ्या संशोधनाने सिद्ध झालंय. मन निर्मळ, तर खडा निळा. मनात मत्सर, तर काळा."

"आणि भूक लागली असेल तर?" मागून कुणीतरी विचारलं.

हशा पिकला. गुरूही हसले, फक्त डोळे हसले नाहीत.

भट्टीवरची माणसं आधी पुढे झाली. खडा मुठीत धरायचा, गुरूंचं पुटपुटणं संपलं की मूठ उघडायची. निळा. पुन्हा निळा. भट्टीवरच्या सुपरवायझरच्या हातात तर तो मोरपिसासारखा उजळला. ही सुपरवायझर म्हणजे केकवर फुलं काढणाऱ्या थोरलीची धाकटी जाऊ.

"असं मन लाखात एक," गुरू म्हणाले.

क्रीमच्या खोलीत फुलं काढता काढता थोरलीने ते उघड्या दारातून ऐकलं. या पोरीला बोट धरून इथे आणलं होतं तिनेच. मैदा चाळायला शिकवला तिनेच. आणि वरची जागा निघाली तेव्हा मालकांच्या तोंडी नाव आलं धाकटीचं. घरी सासूबाई म्हणाल्या, "तिच्या हाताला यश आहे." थोरलीने मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी क्रीमच्या खोलीत मुकाट्याने गुलाब काढत बसली. हाताच्या उबेने लोण्याची पाकळी ढळते, म्हणून त्या खोलीतल्या बायका घडीघडी बर्फाच्या पाण्यात बोटं बुडवत. थोरली तेव्हा स्वतःशीच गुणगुणायची:

फुलामागं फूल काढू, पाकळीला देऊ वळण,
हाती गारवा राखू, पोटी कितीही जळण.

तिची पाळी आली तेव्हा ती फुलं अर्धी टाकूनच आली होती. मूठ उघडली, तर खडा कोळशासारखा.

तिने धाकटीकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. खड्याने ओळखलं होतं. जे तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं, ते तळहातावर उघडं पडलं होतं.

क्रीमच्या खोलीतल्या बाकीच्या बायकांच्या हातातही खडा काळपट झाला. "त्या खोलीतच विष आहे," गुरू म्हणाले. "मत्सरी हाताचं फूल गिऱ्हाइकाच्या घरी भांडण नेतं." मालक घाबरले. पण सगळी खोली रिकामी केली तर केक कोण सजवणार? म्हणून सर्वांत काळी ठरलेली थोरली तेवढी मोरीवर गेली, मन शुद्ध होईपर्यंत ट्रे धुवायला.

आठवडाभर ती कढत पाण्यात तुपकट ट्रे घासत राहिली. हात लालबुंद झाले आणि मत्सर पोटात आणखीच रटरटू लागला. धाकटी एकदा जवळ आली. "ताई, मालकांशी बोलू का मी?"

"नको. तुझ्या शब्दाने मिळालेली जागा मला नको."

पुढच्या आठवड्यात गुरू परत आले. थोरली हात पुसत मोरीवरून तशीच आली. मूठ उघडली, आणि खडा निळाशार.

टाळ्या पडल्या. मालकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. आता तिने फक्त गप्प राहायचं होतं, की गुलाब तिचेच. पण गुरूंना राहवलं नाही. "पाहिलंत? धाकट्या जावेच्या निर्मळ मनाची छाया पडली हिच्यावर."

याचंही श्रेय धाकटीला. थोरलीचा तोल सुटला.

"खोटं आहे हे," ती म्हणाली. "माझा मत्सर गेलेला नाही. आठ दिवसांत दुप्पट झालाय. मी तिच्यावर तेव्हाही जळत होते, आत्ताही जळतेय. मग तुमचा खडा निळा कसा?"

गुरूंचा पाक पातळ झाला. "बाई, तुम्हाला तुमचं मन कळत नाही."

"मला नाही कळणार तर कुणाला कळणार?"

कोपऱ्यात एक डॉक्टरबाई बसायच्या. कामगारांच्या ताणावर त्यांचा अभ्यास चालला होता. झोप लागते का, कोण रागावतं, डोकं कधी दुखतं, असले साधे प्रश्न त्या विचारायच्या, म्हणून त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नसे. त्या उठल्या. "त्या दिवशी तुम्ही कुठून उठून आला होतात?"

"क्रीमच्या खोलीतून."

"आणि आज?"

"मोरीवरून." थोरलीने आपल्या लाल, अजून ऊन असलेल्या तळव्यांकडे पाहिलं.

डॉक्टरबाईंनी बर्फाचं पाणी मागवलं. एक चमचा त्यात बुडवला, पुसला आणि त्यावर खडा ठेवला. खडा बघता बघता काळवंडला.

"हा चमचा कुणावर जळतोय?" भट्टीवरच्या कुणीतरी विचारलं, आणि जेवणघर हसून फुटलं.

"बर्फातही नकारात्मक कंपनं असतात," गुरू म्हणाले. पण पेटी मिटायला लागले होते.

"थांबा," धाकटी म्हणाली. तिने कोपरापर्यंत हात बर्फाच्या पाण्यात घातला, दात खाऊन धरला, मग खडा मुठीत घेतला. लाखात एक मनाच्या हातात खडा काळाठिक्कर पडला.

"खड्याखाली उष्णतेने रंग बदलणारा थर आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ताप बघायच्या पट्टीत असतो तसला. गारठला की काळा, उबेत निळा. भीतीनेही बोटं जराशी गार पडतात, पण ती भीतीने पडली की बर्फाने, हे खड्याला कळत नाही. माणसाच्या मनात काय आहे हे कळायला हवं असेल तर त्याला विचारा, आणि सांगितलं म्हणून त्याला शिक्षा करू नका. एवढंच."

मालक जमिनीकडे बघत होते. "उद्यापासून तुम्ही तुमच्या जागेवर या," ते थोरलीला म्हणाले.

"आणि वरच्या जागेसाठी माझा विचार का झाला नाही, तेही सांगा," ती म्हणाली. "उत्तर कडू असलं तरी चालेल."

मालकांनी बाक ओढून तिला बसायला दिला.

गर्दी पांगताना धाकटी गारठलेला हात पदरात गुंडाळत तिच्याजवळ आली. "ताई, मला कळत होतं हं. त्याला खडा कशाला हवा होता? तुम्ही माझ्या डब्यात लोणचं वाढायचं बंद केलंत तेव्हाच कळलं."

थोरलीने तिचा बर्फासारखा हात आपल्या दोन्ही ऊन तळव्यांत धरला. पोटातली जळण जागच्या जागीच होती. तरीही हात तिने सोडला नाही.