गोपीचंदची झिनिया

आंधळगावात गोपीचंदचं किराणा दुकान होतं, दुकानामागे घर, आणि घराच्या अंगणात त्याची बायको रत्नाबाई झिनिया लावायची. लाल, केशरी, गुलाबी. एकेक फूल बशीएवढं. गोपीचंद आधी त्यांना नाक मुरडायचा. "ना वास, ना देवाले चढे. वांगी लावली असती त भाजी तरी झाली असती." रत्नाबाई ऐकून घ्यायची आणि खुरपं चालवत राहायची.

मग अठ्ठ्याहत्तर साली मोहाडीच्या कचेरीतले एक साहेब दुकानाशी थांबले आणि म्हणाले, "शेठ, बाग छान ठेवली तुम्ही." शेठ या एका शब्दानं काम केलं. त्या दिवसापासून बाग गोपीचंदची झाली. मीठ तोलता तोलता तो गिऱ्हाइकांना झिनियाचं शास्त्र सांगू लागला. पाणी फुलांवरून ओतावं, युरिया मूठमूठ टाकावा, रोपं दाटीनं लावावीत, म्हणजे एकमेकांना आधार होतो. शेजारच्या परसरामनं बिचाऱ्यानं सगळं तसंच केलं. पानंच पानं माजली, त्यांच्यावर पांढरी भुरी चढली आणि रोपं लोळली. "तुह्या मातीतच दोष हाये," असं गोपीचंदनं त्याला ठणकावलं.

रत्नाबाईनं परसरामच्या बायकोला नवी रोपं दिली. "उन्हात लाव. दोन रोपांत हातभर जागा ठेव, हवा खेळली पाहिजे. कुजलेलं शेणखत घाल, पाणी बुडाशीच दे, अन् रोप वीतभर झालं का शेंडा खुड. आमच्या घरच्या पंडिताले इचारू नोको."

धान कापून झाल्यावर मुलीला, वच्छलाला, पाहायला सानगडीहून पाहुणे आले. मुलगा घनश्याम, त्याचे वडील बाबूलाल आणि आई शकुनबाई. बाबूलालनं खाटेवर बसल्या बसल्या अंगणाकडे पाहिलं.

"आमच्याकडंही बाग हाये. मीच पाहतो सारं."

गोपीचंद खुलला. "युरिया देता ना?"

"त्याच्याबिगर फूल मोठं होते का?"

"अन् पाणी? वरून?"

"वरूनच. पाऊस काय खालून येते?"

दोघं पोटभर हसले. एकमेकांवर इतके खूश झाले की मुलगी पाहायची आहे, हेही विसरले. पोह्यांच्या बश्या घेऊन दारात उभ्या असलेल्या रत्नाबाईला वाटलं, एक असा आपण पोसलाच आहे; आता पोरीलाही अशाच दुसऱ्याच्या घरी धाडायचं.

शकुनबाई तेवढ्यात अंगणात गेली होती. न विचारता तिनं एक सुकलेलं फूल तोडलं. मग एका दांड्यावरच्या बाजूच्या कळ्या नखानं खुडून टाकल्या आणि मधली एकच कळी ठेवली. मोठं फूल हवं असलेल्या माणसाचाच तो हात होता. रत्नाबाई तिच्याजवळ गेली.

"तुमच्याकडं कोण लावते?"

"मीच लावतो. ते फक्त सांगतेत."

"सांगू देता?"

"तोंड त्यायचं हाये. बाग माही हाये."

दोघी हसल्या, पण रत्नाबाईच्या मनाचं समाधान झालं नाही. सासू कितीही शहाणी असली तरी वच्छलाला जन्म काढायचा तो मुलासोबत, आणि हा मुलगा बापाच्या वळणावर गेला नसेल कशावरून? ती घरात आली आणि रीत बाजूला ठेवून तिनं सरळ घनश्यामलाच विचारलं, "तुमाले समजते का फुलायतलं काई?"

"समजते ना, माह्याच हाताखाली त..." बाबूलालनं सुरुवात केली.

"नाई समजत," घनश्याम म्हणाला. "आई लावते. आई सांगते ते मी करतो. मांगच्या साली तण म्हणून चांगली रोपंच उपटली मी. आई बोलत नोहोती माह्याशी."

बाबूलाल छताकडे पाहू लागला. गोपीचंदनं घाईघाईनं सावरलं, "शिकंन ना. मी शिकवतो त्याले."

"तुमी राहू द्या," रत्नाबाई म्हणाली.

स्वयंपाकघरात तिनं वच्छलाला विचारलं, "कसा वाटला?"

"बापासमोर खरं बोलला," वच्छला म्हणाली. "मले चालते."

लगीन ठरलं. दोन बागवानांनी एकमेकांना ओळखलं म्हणून सोयरीक जुळली, असं गोपीचंद दुकानात येईल त्याला सांगत सुटला आणि आंधळगावात तोंड दाबून हसण्याचा नवा धंदा सुरू झाला. गोपीचंदला त्याचा पत्ता नव्हता.

पुढच्या पावसाळ्यात वच्छला माहेरी आली, तेव्हा रत्नाबाईनं सासऱ्याबद्दल विचारलं.

"ओसरीवर बसून सांगत राहतेत," वच्छला म्हणाली. "कोणतं फूल कसं वाढवायचं, कोणतं खत टाकायचं."

"अन् तुमी काय करता?"

"आमचे हे मातीचं टोपलं उचलतेत, सासूबाई खुरपं घेतेत, मी बिया घेतो. आमी तिघंही मांगच्या दारानं बागेत निघून जातो."

रत्नाबाईनं तिच्या पदरात बियांची पुडी बांधली आणि गरम भाकर वाढली.